शपथेला पाठवलेला झगा

फार जुन्या काळची गोष्ट. ग्रीकांच्या मुलखात, उत्तरेकडच्या डोंगरांत एक छोटे राज्य होते. राज्य छोटे, पण तिथले मानकरी भलते मोठे. घोड्यावरून सहसा खाली न उतरणारे सरदार, जुन्या ओक वृक्षाखालच्या देवस्थानाची म्हातारी पुजारीण, आणि सगळ्यांच्या वर राजा अल्कोन.

या राज्याची एक रीत होती. दर वसंतात सगळी प्रजा त्या ओकखाली जमे. आधी राजा झाडाला हात लावून म्हणे, “मी कायद्याने राज्य करीन.” मग प्रजा म्हणे, “आणि आम्ही तुझे राज्य राखू.” एवढे झाले की मेंढे भाजले जात आणि लोक जेवून घरी जात. खिंडीपलीकडच्या शत्रूचा या कुरणांवर कधीपासून डोळा होता, पण सगळा डोंगर एका हाकेवर धावून येतो हे त्याला ठाऊक होते.

एका वसंतात अल्कोनला सर्दी झाली. राजवाड्याचा कारभारी फिलांद्रोस म्हणाला, “महाराज, धनगरांपुढे शिंकत उभे राहणे तुम्हाला शोभणार नाही. तुमचा जांभळा झगा द्या. मी तो पांघरून जातो आणि चार शब्द बोलून येतो.”

कारभारी गेला, बोलला आणि परत आला. आभाळ काही कोसळले नाही. पुढच्या वसंतात राजा ठणठणीत होता, पण त्याला रानडुकराच्या शिकारीला जायचे होते. झगा पुन्हा गेला. त्यानंतर तर राजाला कारण शोधण्याचीही गरज वाटेना.

पुजारीण काठी टेकत राजवाड्यात आली. “राजा, लोक झग्याकडे बघून शपथ घेतात. त्यांना ते आवडत नाही.”

“माई, शब्द तेच आहेत ना? मग तोंड कुणाचे का असेना,” अल्कोन हसत म्हणाला.

हे बोलणे गावोगाव पोहोचले. लोकांनी विचार केला, राजा म्हणतो ते खरेच असेल. शपथेसाठी सगळ्यांनी आपली कामे का खोळंबवावीत? पुढच्या वसंतात त्यांनीही आपल्या वतीने एक माणूस पाठवला. तो होता लाकोन नावाचा म्हातारा धनगर. त्याची निवड झाली, कारण त्या दिवशी तो रिकामा होता. ओकखाली एका बाजूला झगा, दुसऱ्या बाजूला लाकोन. शपथ झाली. एवढा मोठा मेंढा दोघांना संपला नाही.

राजा हे ऐकून म्हणाला, “बरे झाले, गर्दी कमी झाली.”

ती बातमी खिंडीपलीकडेही गेली. सुगीच्या आत शत्रू खिंडीत उतरला. अल्कोनने डोंगरा-डोंगरावर शिंगे फुंकवली आणि तो वाट बघत उभा राहिला. संध्याकाळपर्यंत एकच माणूस आला. लाकोन, काठी आणि कुत्रा घेऊन.

“बाकीचे कुठे आहेत?” राजा ओरडला.

“बाकीच्यांच्या वतीने मीच आलोय, महाराज. शपथेलाही मीच होतो की.”

राजाने रागाने कारभाऱ्याला गावात पिटाळले. तो लगेच परतला, मान खाली घालून. “महाराज, लोक मला म्हणतात, शपथ तूच घेतली होतीस ना, मग लढायलाही तूच जा.”

तेव्हा अल्कोनला खरी भीती वाटली. शत्रूची नाही. आपण कुणाचेच राजे उरलो नाही, याची.

तो झगा न घेताच निघाला. दारोदार गेला, स्वतः हाका मारल्या, आणि लोक कुरकुरत का होईना, ओकखाली जमले. त्याने झाडाला हात लावला. पण शब्द आठवेनात! एवढ्या वर्षांत ते त्याच्या तोंडी आलेच नव्हते. फिलांद्रोस हळूच कानाशी सांगू लागला, तसे राजाने त्याला दूर सारले.

“मी चुकलो,” तो म्हणाला. “माझे वचन मी दुसऱ्याला द्यायला लावले. आता मी स्वतः देतो. कायदा मोडला, तर मला इथूनच हाकलून द्या.”

 मग लाकोनच आधी म्हणाला, “आणि आम्ही तुझे राज्य राखू.” त्याच्यामागून सगळा डोंगर बोलला.

लोक लढले. राज्य वाचले, पण खिंडीजवळची हिरवी कुरणे तोवर गेली होती, ती गेलीच. त्यांतच लाकोनचेही कुरण होते. पुढे दर वसंतात अल्कोन स्वतः शपथ घेई, आणि झाडाला हात लावताना त्याला समोर त्या कुरणांतून शत्रूच्या चुलींचा धूर दिसे. 

बोध: जो आपले वचन दुसऱ्याच्या तोंडून देतो, त्याच्या अडचणीत लोकही दुसऱ्यालाच पाठवतात.