काजळीचं राखाडी पिल्लू

एका राज्यात अशी रीत होती, की राजवाड्यात मांजर ठेवायचं ते काळंच. राखाडी पिल्लू झालं, की मायलेकरांना वेशीबाहेर हाकलायचं. एकदा काळ्याभोर काजळीला राखाडी पिल्लू झालं. राणी हेमप्रभेने ते मांडीवर घेतलं आणि म्हणाली, "याची आई कुठेही जाणार नाही." राजमांत्रिक भैरुंडाचं पित्त खवळलं. त्याने मंत्रून पाणी शिंपडलं, आणि राणी पिल्लासकट पाषाण झाली.

"तीन वेळा, जन्माआधी पिल्लांचे रंग सांगा," तो राजकन्या सुवेधेला म्हणाला. "तिन्ही बरोबर आले, तर राणीसाहेब सुटतील. एकदा जरी चुकलात, तरी कायमच्या दगड."

सुवेधेला घास गोड लागेना, एका जागी बसवेना. आईचे गार हात चाचपून ती पुन्हा येरझारा घाली. शेवटी वळचणीची म्हातारी साळुंकी बोलली, "राजकन्ये, तांबडं की काळं, हे बोके आईकडून घेतात. माद्या दोघांकडून घेतात."

भैरुंडाने बाजारातून तांबडी गाभण मांजर आणली. जोडीदार काळा. "बोके तांबडे, माद्या कबऱ्या," सुवेधा म्हणाली. तसंच झालं, आणि राणीच्या गालांवर रंग चढला. दुसरी मांजर काळी, जोडीदार तांबडा. "बोके काळे, माद्या कबऱ्या." तेही खरं ठरलं, आणि राणीची बोटं उबदार झाली.

तिसऱ्या खेपेला त्याने काजळीला तिच्याच काळ्या बोक्यासोबत कोठीत कोंडलं. "मागे परका बोका शिरला होता, म्हणून राखाडी पिल्लू झालं. आता कसा शिरतो, तेच बघतो."

साळुंकी म्हणाली, "दोघांच्याही आया राखाडी. पिल्लं काळी म्हणून आत आणली, आया बाहेरच राहिल्या. तो रंग दोघांच्या रक्तात लपून आहे."

"या वेळी बाहेर येईल?"

"येईलच असं नाही."

सगळी काळी म्हणावं, तर आई जिच्यासाठी दगड झाली, तिलाच खोटं पाडणं झालं. ती म्हणाली, "एक तरी राखाडी."

काजळी व्यायली. काळं, पुन्हा काळं, आणखी एक काळं. शेवटचंही ओलं, काळंच दिसलं. भैरुंड हसला. सुवेधेने पदराचं टोक दातांत धरलं. काजळी मात्र शेवटच्या पिल्लाला चाटत राहिली, आणि वाळता वाळता ते राखाडी झालं.

दरबारात बारीक म्याँव ऐकू आलं. राणीच्या मांडीवरचं पिल्लू आळोखेपिळोखे देत होतं. राणीने डोळे उघडले.

"काजळीला हाकललं नाहीत ना?"

"नाही, आईसाहेब."

ज्या वेशीतून भैरुंडाला हाकललं, त्याच वेशीतून राखाडी मांजरी आत आल्या. आणि सुवेधा, कितीतरी दिवसांनी, आईपाशी स्वस्थ बसली.