माळकरी विकरकाका

ऊस अजून गावात यायचा होता, तेव्हाची ही गोष्ट. एका नाशपातीत विकरकाका नावाचे कामसू गृहस्थ, म्हणजे एक एन्झाइम, राहत. पानांकडून सॉर्बिटॉल हा कमी गोड पदार्थ आला की काका त्याच्या अंगावरचे दोन हायड्रोजन काढून घेत आणि त्याची गोड फळसाखर होई.

एक दिवस काकांच्या कानावर आलं, की सॉर्बिटॉलला शर्करा-अल्कोहोल म्हणतात.

"अल्कोहोल? अरे, मी माळकरी माणूस! हो बाहेर!"

"काका, दारू नुसती नावात आहे. माझ्या तोंडाचा वास घेऊन बघा!" सॉर्बिटॉल म्हणाला.

"सगळे दारुडे असंच म्हणतात."

काम थांबलं. मधोमध बसलेली बी रडकुंडीला आली. "काका, फांदीवर वानर आलाय! फळ पांचट लागलं तर तो इथंच टाकेल आणि मी आईच्या सावलीत कुजेन. नावाचं काय घेऊन बसलात? तुमचं पूर्ण नाव काय?"

"सॉर्बिटॉल डिहायड्रोजनेज," काका ऐटीत म्हणाले आणि आपल्याच नावातला पहिला शब्द ऐकून चपापले. मग मुकाट्याने कामाला लागले.

वानराने एक घास घेतला आणि फळ घेऊन थेट पलीकडची टेकडी गाठली. बी उन्हात थुंकून त्याने तीन कोलांट्या मारल्या.

त्याच्या पोटातून काका ओरडले, "गोडीमुळे हं, लोकहो! नुसत्या गोडीमुळे!"