दोन टोकांची रांग

संगणकशास्त्राच्या तोंडी परीक्षेला बाहेरून परीक्षक म्हणून आलेले प्राध्यापक सबनीस स्वतःच्या खाजगी क्लासची मुलं आधी आत घेत होते. सकाळपासून रांगेत ताटकळलेल्या ऋजुताला त्यांनी दुपारी बोलावलं.

"डेक म्हणजे काय? रोजचं उदाहरण दे, नाहीतर नापास!"

"सर, डेक म्हणजे माहिती ओळीने साठवायची अशी रचना, जिच्यात दोन्ही टोकांनी घालता येतं, दोन्ही टोकांनी काढता येतं. दाराबाहेरची रांगच बघा ना. आम्ही मागून लागलो, तुमच्या क्लासची मुलं पुढून घुसली. पुढचे आत आले, मागचे कंटाळून घरी गेले."

"चूक! ती साधी रांग आहे!" सबनीस भडकले.

"मग करा नापास. पण साध्या रांगेत आधी आलेलाच आधी जातो, सर. पुढचं नाव तसंच पुकारा."

तेवढ्यात त्यांच्या क्लासचा आणखी एक विद्यार्थी दारातून डोकावला. सबनिसांनी घाईघाईने ऋजुताला पैकीच्या पैकी गुण दिले आणि त्याला आत घेतलं.