फाटकाजवळचं झाड

"...मग या एकाच झाडाला फूल का नाही?" बुवांनी विचारलं.

मठाची मोसंबीची बाग पांढरीशुभ्र फुलली होती. फाटकाजवळचं झाड तेवढं हिरवंगार. नुसती पालवी.

आमचे हे, रणजितराव, दोन वर्षं बुवांच्या हाताखाली होते. आज बुवा बाग यांच्या हवाली करणार होते. पाण्याच्या मोटारीच्या खोलीची किल्ली बुवांच्या कमरेला होती. मी नैवेद्याचा डबा धरून उभी.

"सांगतो ना!" यांची छाती पुढे आली. हे एम.एस्सी. आहेत. लग्नाला तीनच महिने झालेत, पण पुढचं मलाही पाठ आहे.

"बहाराआधी आपण पाणी तोडतो, बाग ताणावर सोडतो. मुळांना कोरड लागली की ती एक संप्रेरक वर धाडतात, अ‍ॅब्सिसिक आम्ल. ते पोचलं की पानं आपली बारीक तोंडं मिटतात. वाढीचं जिबरेलिन उतरतं. अन्नाचा साठा आत राहतो. मग पाणी सोडलं की पालवीऐवजी फूल!"

"म्हणजे मुळाचं दुखणं पानाला कळतं."

"कळतं म्हणजे... रेणू पोचतो, बुवा."

"आणि पान तोंड मिटतं?"

"मिटतं."

"शहाणं आहे."

मी डब्याच्या झाकणाकडे बघत राहिले.

"मग हे झाड का नाही शिकलं?"

"कलमाचा दोष असणार."

"कलम मी बांधलंय."

बुवा वाकले. झाडाखाली पिण्याच्या पाण्याच्या टाकीची नळी पडली होती. ती उचलून त्यांनी हळूहळू हातावर गुंडाळायला घेतली. एक वेढा. दुसरा.

पाचव्या वेढ्याला हे म्हणाले, "पौषात हिचे वडील येणार होते."

"बरं."

"पानं वळली होती, गळत होती. फाटकातून शिरतानाच जावयाची बाग अशी दिसली असती... आठ दिवस पहाटे नळी लावली."

"काय म्हणाले सासरे?"

"म्हणाले, हे एकच झाड छान ठेवलंय."

बुवा इतके हसले की नळीचे वेढे सुटले. मग त्यांनी कमरेची किल्ली काढून पुढे केली.

यांनी हात मागे घेतले.

"नको बुवा. पुढच्या बहारापर्यंत तुमच्याकडेच राहू द्या. सुकणारं झाड मला बघवत नाही अजून."

लग्नानंतर पहिल्यांदाच यांनी एकही रेणू न आणता बोलणं पुरं केलं. माझी मान आपोआप ताठ झाली. वडील इथे असते तर त्यांना खुणावलं असतं, आता बघा म्हणून.

बुवांनी यांचा हात पुढे ओढला, किल्ली तळहातावर ठेवली आणि एकेक बोट मिटवलं.

"आता धरेल बहार."