सारवलेलं अंगण

“...मग बंदच करून टाकू का, बुवा?”

गेनूबुवा मठाच्या ओट्यावर बसून पोथीचं सुटलेलं पान सुईदोऱ्याने शिवत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“काय बंद करतोस?”

“ब्लॉग. मी इंटरनेटवर लिहितो ना, आठवडी बाजारांवर, ते.”

केदार खांबेटे पहाटे पुण्याहून निघून संगमनेरच्या पुढे, टेकडीखालच्या या मठात आला होता. दोन वर्षांपूर्वी इथल्या बाजारावर लिहिताना बुवांची ओळख झाली होती. आपला प्रश्न बुवांना कळणार नाही अशी त्याची अर्धीअधिक खात्री होती. तरी आला, कारण ज्यांना कळतो त्यांना विचारून झालं होतं.

“लिहायचा कंटाळा आला?”

“लिहायचा नाही हो. ते दिसतं कसं, त्याचा.”

आणि मग तो सुटलाच. साइटला नवं रूप दिलं तर जोडाक्षरं फुटली. जोडाक्षरं सांधली तर मोबाईलवर फोटो आडवे झोपले. फोटो उभे केले तर वरची नावाची पट्टीच गायब. खाली वाचकांच्या प्रतिक्रिया यायच्या, तिथे कोणी परदेशी माणूस रोज केस वाढवायचं औषध सुचवून जातो. अकरा वेळा रूप बदललं आणि प्रत्येक वेळी आगीतून फुफाट्यात.

बोलणं संपेपर्यंत बुवांचं पान शिवून झालं होतं. त्यांनी दोरा दातांनी तोडला.

“आन् वाचनारे?”

“पाटी लावली आहे. काम चालू आहे, लवकरच भेटू.”

“कव्हापासून?”

“...पाच महिने झाले.”

“कुनी काय म्हनलं न्हाई?”

“तसं कोणी नाही. म्हणजे एक आहेत. अमळनेरच्या कुसुमताई बोंडे, रिटायर नर्स. गुडघ्यांमुळे घराबाहेर पडता येत नाही. तुमच्याबरोबर बाजार फिरते, म्हणतात. दर मंगळवारी त्यांची मेल येते, त्या घोंगडीवाल्याचं पुढे काय झालं? ती गोष्ट अर्धी राहिली ना.” केदार जरासा हसला. “आता त्यांना काय सांगू, पानाचा रंगच अजून मनासारखा होत नाही म्हणून?”

बुवांनी पोथी फडक्यात बांधली.

मग त्यांनी अंगणाकडे बोट केलं. “सारवायचं ऱ्हायलंय. येतं का?”

“त्यात न येण्यासारखं काय आहे?”

बादलीत शेणकाला तयार होता. केदारने पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, फाटकापासून सुरुवात केली आणि हाताचे फेर घेत मागे मागे सरकत ओट्यापर्यंत आला. हात चांगला होता त्याचा. फेर फेराला लागून बसला होता.

गावातली कुठलीही बाई अंगण सारवताना एका कडेने पाऊलभर वाट कोरडी ठेवते, येणाऱ्याजाणाऱ्याला. केदारला हे कोणी सांगितलं नव्हतं, आणि त्यानेही विचारलं नव्हतं.

तेवढ्यात फाटकाशी सगुणाबाई आली. वय झालेलं, डोळ्यांना अंधुक दिसायचं. रोज सकाळी काठी टेकत यायची, बुवांच्या तोंडून पोथीचं एक पान ऐकायची आणि घरी जायची.

“बुवा, येऊ का?”

बुवांच्या आधी केदार बोलला. “आजी, जरा थांबा. ओलं आहे.”

मध्येच एक कोंबडी अंगण ओलांडून गेली. केदारने तिची पावलं पुसली. मग तुळशीकडचा कोपरा फिका वाटला, म्हणून तिथे दुसरा हात दिला. आता तो कोपरा गडद झाला आणि बाकीचं अंगण फिकं दिसायला लागलं. त्याने बादली पुन्हा पुढे ओढली.

“येऊ का?”

“झालंच आजी. पाच मिनिटं.”

ऊन वर आलं. सगुणाबाई काठीवर रेलून उभी राहिली, मग कुंपणाबाहेरच्या दगडावर बसली. तिसऱ्यांदा तिने विचारलं नाही. गुडघ्यावर हात टेकून उठली आणि काठी गावाकडे वळवली.

बुवा उठले.

पोथी काखेत मारून ते ओट्यावरून उतरले आणि अनवाणी, ओल्या अंगणातून सरळ मधोमध चालत गेले. फाटकाबाहेर जाऊन त्यांनी म्हातारीचा हात धरला. तसेच मधोमध परत आले. दोघांची पावलं उमटली, आणि शेजारी काठीची भोकं.

“बुवा... अंगण!”

दोन तासांचं काम होतं. केदारला राग आला, चांगलाच आला. कोपरापर्यंत शेणाने भरलेले हात घेऊन तो त्या पावलांकडे बघत राहिला.

सगुणाबाई ओट्यावर टेकली. पदराने तोंड पुसलं. “आज लई येळ झाला बुवा. मला वाटलं, पोथी न्हाई आज.”

केदारने मान खाली घातली. राग उतरला होता, आणि त्या जागी जे आलं ते त्याला अजिबात आवडलं नाही.

“पुन्हा सारवू?” त्याने हळूच विचारलं.

“उद्या.”

बुवांनी पोथी बांधलेलीच बाजूला ठेवली.

“सगुणाबाई, आज पोथी ऱ्हाऊ दे. आज ह्यो पाव्हना सांगनार हाये.”

म्हातारीने आवाजाच्या अंदाजाने केदारकडे तोंड वळवलं...

बुवांनी भिंतीला पाठ टेकली.

“हां. त्या घोंगडीवाल्याचं पुढं काय झालं?”