उरलेला नाच करंजावर

फार पूर्वी एका कड्याला मधमाश्यांचं मोठं पोळं होतं. फुलं सापडली की माशी पोळ्यावर येऊन नाचायची आणि नाचातूनच वाट सांगायची. पिंगळी नावाची नवखी माशी थोरल्या माशीचा नाच बघून पहिल्याच दिवशी फुललेल्या करंजाची वाट शिकली. एकटीने हुडकायची तर जन्म गेला असता!

पण पंख उघडते तोच शेजारी दुसरा नाच सुरू झाला, मग तिसरा. सगळ्या "वाहवा!" करत बसल्या, तीही बसली. संध्याकाळी तिला रानोरानच्या वाटा पाठ होत्या, पण जवळ मधाचा थेंब नव्हता. पोळ्यातली पिल्लं भुकेने वळवळत होती. पिंगळी मनातून खजील झाली.

सकाळी थोरलीचा नाच संपताच ती उडाली.

"अगं, पुढचा तर बघ!" मैत्रिणी ओरडल्या.

तिने वळूनही पाहिलं नाही. वाऱ्याने भरकटवलं, तरी करंज गाठलाच.

परतल्यावर पिल्लांना भरवून ती नाचू लागली. सगळं पोळं भोवती जमलं. "वाहवा! पुन्हा एकदा!"

पिंगळी मध्येच थांबली. "उरलेला नाच करंजावर. ज्यांना बघायचाय त्यांनी मागून या."

त्या दिवशी पोळ्यावर वाहवा करायला कुणी उरलं नाही.