कापसाचे बोळे

"पण हे गाणं थांबवता नाही का येणार, बाबा?"

भास्कर घळसासीनं पुन्हा विचारलं. या वेळी जरा चढ्या आवाजात.

गावाबाहेर फकिराची मठी होती. तिकडची माणसं तिला तकिया म्हणतात. चिंचेखालच्या कट्ट्यावर बुद्धिबळाचा कापडी पट अंथरलेला. पटाच्या एका बाजूला भास्कर, दुसऱ्या बाजूला दस्तगीरबाबा, आणि हातभर अंतरावर यल्लाप्पा एकतारी छेडत गात बसलेला. आवाज म्हणाल तर चिरक्या घागरीचा. पण गायचा अगदी जीव ओतून, त्यामुळे त्याला गप्प बस म्हणायची कुणाची छाती होत नसे.

"कुणी थांबवायचं?" बाबांनी विचारलं.

"तुम्ही. तकिया तुमचा आहे."

"तकिया माझा नाही, बेटा. आणि यल्लाप्पाचा गळा तर त्याहून नाही."

यल्लाप्पा खुशीत आला आणि आणखी वर चढला. भास्करनं कपाळाला हात लावला.

आता हा भास्कर म्हणजे कुणी लुंगासुंगा नव्हता बरं. शाळेत असताना त्यानं मास्तरांना मात दिली, आणि कॉलेजात गेल्यावर मास्तरांच्या मास्तरांना. जिल्ह्यात त्याच्यासमोर बसायला लोक कचरायचे. नाकावर माशी बसू द्यायचा नाही. पण गेल्या साली जिल्ह्याच्या स्पर्धेत शेवटच्या डावात पाटणकर वकिलांनी त्याला हरवलं, आणि ते नाक खाली आलं.

स्पर्धेच्या हॉलच्या भिंतीला भिंत लावून मारुतीचं देऊळ. देवळात उत्सव. ऐन मोक्याला भजनी मंडळानं टाळ धरले आणि भास्करची एक खेळी चुकली. तेव्हापासून तो सांगत सुटला होता, "मी हरलोच नाही. मला भजनानं हरवलं."

येत्या रविवारी पुन्हा तोच हॉल, तेच वकील, तोच उत्सव. त्यात वडिलांनी बजावलं होतं, "या खेपेला हरलास तर पट माळ्यावर, आणि तू दुकानाच्या गादीवर." घळसासींच्या घरात वडिलांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. बुद्धिबळ काढून घेतलं तर आपलं उरतं काय, हा विचार भास्करला सोडत नव्हता. खरंच घाबरला होता तो.

अशात कुणीतरी त्याला सांगितलं, तकियातले बाबा गाणं ऐकत खेळतात आणि भल्याभल्यांना पाणी पाजतात. झालं! स्वारी सायकलवर टांग मारून हजर.

"गाणं ऐकू येऊ नये याची तुमच्याकडे काहीतरी युक्ती असणार," तो म्हणाला. "ती मला शिकवा."

"माझ्याकडे कुठली? मला तर सगळं ऐकू येतं."

"मग खेळता कसे?"

"ऐकत ऐकत."

भास्करला वाटलं, म्हातारा चेष्टा करतोय. त्यानं सोंगट्या मांडल्या.

पहिला डाव तो हरला. बाबा मान डोलवत खेळले. मधे एकदा तर यल्लाप्पाला "वाहवा!" म्हणाले आणि त्याच दमात भास्करचा हत्ती उचलला. भास्कर मात्र प्रत्येक खेळीआधी एकतारीकडे असा काही बघत होता, की ती नजरेनं जळायचीच बाकी राहिली.

"बघितलंत?" हरल्यावर तो म्हणाला. "या गाण्यापायी हरलो."

"असेल," बाबा म्हणाले.

"थांबा. मी माझी सोय करून आलोय."

त्यानं खिशातून कापूस काढला, दोन बोळे वळले आणि कानांत गच्च कोंबले. मग विजयी मुद्रेनं मान खाली घालून बसला.

दुसरा डाव सुरू झाला.

या तकियात एक रिवाज होता. शह दिला की तोंडानं "शह" म्हणायचं. आणि शह असताना तो न सोडवता भलत्याच सोंगटीला हात लावला, तर डाव तिथंच संपला. मग तो राव असो वा रंक.

भास्कर या वेळी झकास खेळला. वजीर पुढे नेला, उंट तिरपा घुसवला. आता दोन-तीन खेळ्यांत म्हाताऱ्याला गुंडाळतो, असं त्याला वाटायला लागलं. बाबांनी आपला घोडा बाजूला घेतला. त्यांचे ओठ हलले. भास्करनं घोड्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. मोठ्या झोकात स्वतःचा वजीर उचलला…

बाबांनी त्याचं मनगट धरलं.

घोडा सरकला तशी मागच्या हत्तीची वाट मोकळी झाली होती. भास्करचा राजा उघडा पडला होता.

भास्करनं कानातले बोळे ओढून काढले. "तुम्ही शह म्हणालाच नाहीत!"

"म्हणालो."

"मला ऐकू आलं नाही. येणार कसं? कापसातूनसुद्धा याचं गाणं सारखं कानात घुसत होतं. कापूसबिपूस सगळं फुकट! नुसती ठणठण चालली होती!"

बाबांनी हनुवटीनं शेजारी खूण केली.

भास्करनं वळून बघितलं.

एकतारी चिंचेच्या बुंध्याला टेकवून ठेवलेली होती. यल्लाप्पा बशीतून चहा फुरकत होता.

"कधी… कधी थांबला हा?"

"तुम्ही कापूस घातलासा की तवाच," यल्लाप्पा म्हणाला. "बाबा म्हणाले, पावण्याला त्रास होतोय, घे जरा चहा. दुसरा कप चाललाय माझा."

चिंचेवर एक होला घुमत होता. बाकी सगळं शांत.

"मग मला ऐकू येत होतं ते…"

भास्करचं वाक्य अर्धंच राहिलं. बाबा त्याच्या गुडघ्याकडे बघत होते. गुडघ्यावर त्याचं बोट ठेका धरून वाजत होतं. आत्ता, या क्षणीसुद्धा. त्यानं दुसऱ्या हातानं ते बोट घट्ट दाबून धरलं, पण तोंडावरचा रंग उडाला तो उडालाच.

"कुठलं आहे?" बाबांनी विचारलं. मुलानं मुठीत काय लपवलंय हे विचारावं, तसं कुतूहलानं.

"काय?"

"गाणं रे. यल्लाप्पाचं नाही. हा ठेका त्याचा नव्हे."

भास्करनं नजर पटाकडे वळवली.

"गेल्या वर्षीचं," शेवटी तो पुटपुटला. "देवळातलं."

"म्हणून दाखव की."

"मी? छे! मी कधी गायलो नाही. आणि त्या भजनाचं नावसुद्धा नको मला."

"नाव नको, पण सगळं पाठ आहे… असं?"

भास्करनं मान खाली घातली. पाठ होतं. शब्दन् शब्द पाठ होता. वर्षभर अंघोळीला, जेवताना, सायकल मारताना त्याच्या डोक्यात तेच चालू होतं, आणि वर्षभर तो ते हाकलत होता.

"आणि तो डाव? तोही पाठ असेल."

"आहे."

"मांड बघू. जिथं चुकलास तिथपर्यंत."

भास्करनं सोंगट्या मांडल्या. हा डाव त्यानं दारं-खिडक्या लावून शेकडो वेळा मांडला होता. वकिलांचा वजीर आत आलेला, आपला राजा कोपऱ्यात. त्या दिवशी त्यानं हत्ती पुढे ढकलला होता आणि तिथंच घात झाला. दुसरं काय खेळायला हवं होतं, ते अजून सापडत नव्हतं.

"आता म्हण," बाबा म्हणाले.

"खेळू की म्हणू?"

"म्हण."

भास्करनं घसा खाकरला. लाजेनं कानशिलं तापली होती. अडखळत, भसाड्या आवाजात त्यानं सुरुवात केली.

"दार लावू नको बाई, पाव्हणा वाटेत गं…"

यल्लाप्पानं बशी खाली ठेवली आणि हळूच एकतारी उचलली. सूर शोधला, धरला. भास्करनं पुन्हा तीच ओळ म्हटली. आता जरा मोकळी आली. पहिल्या कडव्यात पाव्हण्याचे पाय धुळीनं माखलेले, हातात कंदील नाही, गावातली कुत्री अंगावर धावतायत. भास्करला मनात नसतानाही त्या पाव्हण्याची कीव आली. गेल्या वर्षी हे शब्द कानांवर आदळले होते, पण त्यातला माणूस त्याला दिसला नव्हता. त्याचं बोट आता उघड उघड ठेका धरत होतं. नजर पटावर होती, पण शोधत काहीच नव्हती. नुसती टेकलेली होती.

"…पाव्हणा वाटेत गं…"

आणि तो थांबला.

"घोडा!" तो ओरडला. "घोडा मागं! बाबा, घोडा मागं घ्यायचा होता!"

त्यानं घोडा मागं घेतला. वकिलांच्या वजिराची वाट बंद झाली. राजा सुखरूप. उलट आता वजीरच अडकला होता. भास्करनं इकडून बघितलं, तिकडून बघितलं. कुठं फट नव्हती.

"मागं यायचं माझ्या डोक्यातच आलं नाही कधी," तो म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते आणि ते लपवायचंही त्याला सुचलं नाही. "वर्षभर, बाबा! वर्षभर डोकं फोडून घेतलं. आणि ही इथं… समोर होती!"

तो कट्ट्यावरून उतरला, पुन्हा चढला, पुन्हा पटावर वाकला. कापसाचे बोळे वाऱ्यानं घरंगळत चिंचेखाली गेले. त्याचं तिकडे लक्षही नव्हतं.

बाबा मात्र पटाकडे बघत नव्हते. ते भास्करकडे बघत होते, मान किंचित कलती करून. यल्लाप्पाची तार अजून छेडलेलीच होती.

"बाबा, बघा तरी! सापडली खेळी!"

"बघतो की. ती काय पळून जात नाही," बाबा म्हणाले. "पण तो पाव्हणा अजून वाटेतच उभा आहे, बेटा. पुढचं कडवं म्हण."